मिलिसेकंदात ताडकळस

माझा प्रयोग दिसायला अगदी गरीब आहे. संगणकाच्या पडद्यावर एक शब्द उमटतो. शब्द असतो 'हिरवा', पण रंगवलेला असतो लाल. समोर बसलेल्या माणसानं शब्दाकडं दुर्लक्ष करायचं, रंग ओळखायचा आणि त्या रंगाचं बटण दाबायचं. साक्षर माणूस इथं हमखास अडखळतो, कारण एकदा वाचायला शिकलेल्या डोळ्याला 'वाचू नकोस' असं सांगता येत नाही. किती अडखळला ते मोजायचं, गोळाबेरीज करायची आणि नावाआधी डॉक्टर लावायचं.

आमच्या गावी, ताडकळसला, टपरीवर हे समजावून सांगितलं तेव्हा चहावाला म्हणाला, "मग सर, हिरवं हिरव्यातच लिवा की. भांडणच मिटलं."

इतका मुळावर घाव घालणारा उपाय या विषयात आजवर कुणी सुचवला नसेल. मूळ प्रयोग जॉन रिडली स्ट्रूप यांचा, १९३५ सालचा, अमेरिकेतल्या नॅशव्हिलचा. त्यांच्याकडं ना संगणक, ना सॉफ्टवेअर. कार्डांवर छापलेले शंभर-शंभर शब्द आणि हातात घड्याळ, एवढ्या भांडवलावर त्यांनी जो प्रबंध लिहिला त्यावर आज जगभरातले प्राध्यापक पोट भरतात. स्ट्रूप स्वतः मात्र पुढं मानसशास्त्र जवळजवळ सोडून बायबल शिकवण्यात रमले. मला पूर्वी याचं नवल वाटायचं. सॉफ्टवेअर निवडायला बसल्यापासून वाटत नाही. त्यांच्यावर तर सॉफ्टवेअर निवडायची वेळही आली नव्हती, तरी ही गत.

माझ्यावर ती वेळ विद्यापीठाच्या समितीसमोर आली. आराखडा वाचून झाला. एका तज्ज्ञांनी डोळे उघडले आणि विचारलं, "सॉफ्टवेअर कोणतं वापरणार?"

"तेच निवडतोय, सर."

"निवडायचं काय त्यात? एसपीएसएस घ्या."

आता एसपीएसएस हे आकडे हातात पडल्यानंतरचं काम. ते सरासरी काढतं, तक्ते काढतं. पण पडद्यावर शब्द दाखवणं, बटणाची वेळ टिपणं हे त्याच्या गावीही नाही. पण समितीतल्या तज्ज्ञाला दुरुस्त करणाऱ्याचा प्रबंध किती लांबतो याची उदाहरणं आमच्या जिल्ह्यात हयात आहेत. मी वहीत 'एसपीएसएस' लिहिलं आणि खाली दोन रेघा ओढल्या. तज्ज्ञांनी समाधानानं पुन्हा डोळे मिटले.

बाहेर आल्यावर मार्गदर्शक सर म्हणाले, "त्यांचं सोडा. तुम्ही असं सॉफ्टवेअर शोधा जे मिलिसेकंदापर्यंत अचूक पाहिजे."

मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग. ताडकळसमध्ये वेळेचं सर्वांत लहान एकक 'आलोच' हे आहे. 'आलोच' म्हणजे साधारण अर्धा तास. त्याहून मोठं 'निघालो की' – हे म्हणणारा माणूस अजून आंघोळीला बसायचा असतो. आणि 'उद्या सकाळीच' याला वरची मर्यादा नाही. अशा गावात राहून मला सेकंदाचे हजार तुकडे करायचे होते.

आधी मी कॉलेजच्या प्रयोगशाळेत काय आहे ते पाहायचं ठरवलं. आमच्याकडं म्हणतात, जगात जर्मनी, भारतात परभणी. परभणीचा माणूस हे छाती काढून म्हणतो आणि कारण विचारलं की चहा मागवतो. मानसशास्त्रापुरता मात्र मला या म्हणण्याला आधार सापडला आहे. मानसशास्त्राची पहिली प्रयोगशाळा विल्हेल्म वुंट यांनी १८७९ साली काढली ती जर्मनीतच, लाइपझिगला. त्यांचे विद्यार्थी ह्यूगो मुन्स्टरबर्ग हार्वर्डला गेले. मुन्स्टरबर्ग यांच्या हाताखाली शिकलेले नरेंद्रनाथ सेनगुप्त कलकत्त्याला परतले आणि १९१६ साली तिथल्या विद्यापीठात मानसशास्त्राचा विभाग उभा राहिला. तिथून ही विद्या घरंगळत घरंगळत आमच्या कॉलेजच्या लोखंडी कपाटापर्यंत पोचली. जर्मनी ते परभणी जिल्हा, मधे फक्त एक कुलूप. कुलपाची किल्ली मामांकडं. मामा म्हणजे आमचे प्रयोगशाळा परिचर.

"मामा, वेळ मोजायचं यंत्र काढा."

"क्रोनोस्कोप? त्याला वायर न्हाई."

"स्टॉपवॉच?"

"खेळाच्या सरांनी नेलं. पळायच्या स्पर्धेला."

"कधी?"

मामांनी ज्या प्राचार्यांचं नाव घेतलं ते निवृत्त होऊन त्यांचा अमृतमहोत्सवही झालेला आहे. बाकी कपाट भरलेलं होतं. आरशात बघून चांदणी गिरवायचं उपकरण होतं. त्याचा आरसा मामा भांग पाडायला वापरत. मेमरी ड्रम होता. त्यातून गॅदरिंगची सोडत काढत. एका लाकडी फळीवर बाणांची दोन टोकं होती, कोणती रेघ लांब वाटते ते विचारायची. मामा म्हणाले, "दोन्ही सारख्याच हैत, सर. मला पाठ हाय." वर्षानुवर्षं प्रात्यक्षिक परीक्षेला बसलेल्या पोरांना खरं उत्तर कुठून मिळत होतं, याचाही उलगडा झाला.

तेव्हा सॉफ्टवेअरला पर्याय नव्हता. आणि सॉफ्टवेअरला तर पर्यायच पर्याय होते.

जून लागला की आमच्याकडं कृषी सेवा केंद्रासमोर जी गर्दी जमते, ती ज्यानं पाहिली त्याला ही निवड कशी चालते ते वेगळं सांगायला नको. कोणतं सोयाबीन पेरावं, यावर प्रत्येकाचं ठाम मत असतं. एक म्हणतो, जेएस ३३५ला तोड नाही. दुसरा म्हणतो, आपल्या परभणीच्या विद्यापीठाचं एमएयूएस ७१ सोडून बाहेर जायचंच कशाला. तिसरा एक असं नाव घेतो जे फक्त त्याच्या मेव्हण्याला मिळतं. जो तो स्वतः पेरलेलंच सांगतो, आणि स्वतःचं उगवलं नव्हतं हे कुणीच सांगत नाही. सॉफ्टवेअरवाले अगदी याच जातीचे.

पुण्याच्या एका मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, "ई-प्राइम. गंभीर संशोधन करायचं तर ई-प्राइम." ते पिट्सबर्गच्या कंपनीचं, विंडोजवरच चालणारं, आणि विकत घ्यायचं. जुन्या आवृत्त्यांना तर यूएसबीत खोचायची एक चिमुकली किल्लीही लागे. ती हरवली की संशोधनाला कुलूप. एका कुलपाचा अनुभव ताजा असल्यामुळं मी मॅडमचे आभार मानले.

बंगळूरला असलेला वर्गमित्र म्हणाला, "वेडा आहेस का? सायकोपाय घे. फुकट आहे." सायकोपाय हे इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमच्या जोनाथन पिअर्स यांनी सुरू केलेलं, पायथनमध्ये लिहिलेलं, खुलं. त्यात ज्यांना प्रोग्रॅमिंग येतं त्यांच्यासाठी एक खिडकी आणि ज्यांना येत नाही त्यांच्यासाठी ठोकळे मांडायची दुसरी. मला हे फार आवडलं. मी ठोकळे मांडायला बसलो. इतक्यात दुसरा एक जण म्हणाला, ठोकळेच मांडायचे तर ओपनसेसमी बघ, तेही फुकट. तिसरा म्हणाला, मॅटलॅब येतं का? मग सायकटूलबॉक्सशिवाय दुसरं नावही घेऊ नकोस. मला मॅटलॅब येत नाही असं म्हटल्यावर तो काही क्षण बोललाच नाही. घरात गमी झाल्यावर लोक तसे गप्प राहतात.

पुतण्या पुण्याला इंजिनिअरिंगला आहे. तो म्हणाला, "काका, हे सगळं जुनं झालं. आता ब्राउझरमध्ये करायचं. जेएस-सायक म्हणून आहे, जावास्क्रिप्ट. मी तुम्हाला एका रात्रीत करून देतो."

"कोणत्या रात्री?"

"सबमिशन संपलं की."

इंजिनिअरिंगच्या पोराचं सबमिशन संपत नसतं, एवढं मलाही कळतं.

मी शेवटी संगणकावर एक तक्ता केला. आडव्या ओळीत सॉफ्टवेअरची नावं, उभ्या ओळीत गुण: किंमत, अचूकता, प्रयोगशाळेत चालतं का, ऑनलाइन चालतं का, मराठी दिसते का, शिकायला किती दिवस. मग प्रत्येक गुणाला भार दिला. मग भार बरोबर आहेत का ते ठरवायला आणखी एक तक्ता केला. रकाने वाढत गेले. त्यांना मी रंगही दिले: बरं असेल तर हिरवा, वाईट असेल तर लाल. माझ्याच प्रयोगातले शब्द मला तक्त्यात दिसायला लागले. बायको चहा ठेवायला आली आणि मागं उभी राहून बघत राहिली.

"अहो, एवढ्या वेळात प्रयोग झाला असता."

"प्रयोग कशावर करायचा तेच तर ठरवतोय."

"कशावर म्हणजे? माणसांवर ना?"

बायकांना संशोधनाची पद्धती समजत नाही असं नाही. त्यांना ती फार लवकर समजते, ही अडचण आहे.

अचूकतेच्या रकान्यात मी जरा जास्तच रेंगाळलो. २०२० साली ब्रिजेस, पितियो, मॅकॅस्किल आणि पिअर्स या चौघांनी बरीचशी सॉफ्टवेअरं एकमेकांशेजारी बसवून, माणसांऐवजी यंत्रांनी बटणं दाबून, कोण किती चुकतं ते मोजलं. प्रयोगशाळेतल्या चांगल्या सॉफ्टवेअरांची चलबिचल मिलिसेकंदाच्याही आत निघाली. ऑनलाइनचं मात्र ब्राउझर कोणता आणि संगणक कोणता यावर ठरतं. हा निबंध वाचून मी इतका हुरळलो की मिलिसेकंदाच्या खाली बोलेनासाच झालो. घरी आबा म्हणाले, "दोन मिनिटं थांब," तर मी म्हणालो, "म्हणजे एक लाख वीस हजार." आबांना वाटलं मी कर्ज काढलंय.

मग कळलं की नुसतं सॉफ्टवेअर अचूक असून भागत नाही. साधा पडदा सेकंदाला साठ वेळा चित्र बदलतो, म्हणजे दर चित्राला जवळजवळ सतरा मिलिसेकंद. शब्द मधेच कधीतरी दाखवा म्हटलं तर दाखवता येत नाही, तो पुढच्या पाळीची वाट बघतो. की-बोर्ड स्वतःचे काही मिलिसेकंद खातो. माझ्या लॅपटॉपचा स्पेसबार तर कधी बोट लागताच वाजतो आणि कधी मारुतीला नारळ कबूल करावा लागतो. पडद्यावर शब्द नेमका केव्हा उमटला ते तपासायला फोटोडायोड नावाचा एक बारकासा सेन्सर लागतो. मी मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात गेलो.

"फोटोडायोड आहे का?"

"फोटो शेजारी. आधारचा का पासपोर्ट साइज?"

या सगळ्या वेळखाऊ वेळमोजणीची सुरुवात कुठं झाली म्हणाल तर ग्रीनिचच्या वेधशाळेत. १७९६ साली तिथले मुख्य खगोलशास्त्रज्ञ मॅस्कलिन यांनी किनब्रूक नावाच्या साहाय्यकाला कामावरून काढलं. का, तर दुर्बिणीत तारा तारेवरून सरकल्याची वेळ टिपताना तो साहेबांच्या मागं पडायचा. किती मागं? सेकंदाचा आठ दशांश. पुढं खगोलशास्त्रज्ञ बेसेल यांनी दाखवून दिलं की असा फरक माणसामाणसांत असतोच आणि त्यातूनच माणसाची प्रतिक्रिया मोजायची कल्पना रुजली. किनब्रूकला त्याचा काही उपयोग झाला नाही. हा न्याय आमच्या पंचक्रोशीत लावला तर एकही कचेरी उघडी राहायची नाही.

आता मराठी. रंग मी चार घेतले होते: लाल, हिरवा, निळा, पिवळा. एका सॉफ्टवेअरात 'लाल' उत्तम उमटला. 'पिवळा' टाकला तर वेलांटी 'प'च्या अलीकडं बसायची ती पलीकडं जाऊन, एका ठिपक्याठिपक्यांच्या गोलावर एकटीच बसली. 'हिरवा'ची तीच तऱ्हा, 'निळा'चीही तीच. मी नीट पाहिलं तर चारांतल्या तीन रंगांना पहिली वेलांटी. आपल्या पूर्वजांनी रंगांना नावं ठेवताना सॉफ्टवेअरचा काही विचारच केलेला नाही.

यात गंमत अशी की ही वेलांटी संगणकालाच नव्हे, माणसालाही नडते. ज्योत्स्ना वैद आणि आशुम गुप्ता यांनी २००२ साली हिंदी वाचणाऱ्यांवर प्रयोग करून हेच दाखवलं: ऱ्हस्व इकार उच्चारात नंतर येतो पण लिहिताना आधी येतो, म्हणून असे शब्द वाचायला अंमळ वेळ लागतो. म्हणजे माझा 'लाल' बाकीच्या तिघांच्या पुढंच पळणार, आणि त्यात रंगाचा काही हात नसणार. सरांना हे सांगितलं. सर म्हणाले, "मग वेलांटी नसलेले रंग घ्या."

"कोणते सर?"

"काळा." सर विचारात पडले. "पांढरा. जांभळा. करडा."

काळ्या पडद्यावर काळा शब्द दाखवून माणूस किती वेळात ओळखतो, यावर दुसरी पीएच.डी. होईल असं आम्हा दोघांच्या एकदमच लक्षात आलं.

वेलांटीवर उपाय तसा सोपा असतो. शब्दाचं चित्र करायचं आणि सॉफ्टवेअरला ते चित्र म्हणून दाखवायला लावायचं. चित्रातली वेलांटी हलत नाही. मी डीटीपीवाल्याकडं गेलो. लग्नसराई होती.

"चार शब्द पाहिजेत. लाल, हिरवा, निळा, पिवळा. चार रंगांत."

"पत्रिका का फ्लेक्स?"

"प्रयोग."

"उद्या सकाळीच घेऊन जा."

उद्याची ती सकाळ यथावकाश उगवली. अक्षरं सुरेख होती. पिवळ्याला त्यानं हळदीची झाक दिली होती, हिरव्याच्या कडेला आंब्याची डहाळी आणि प्रत्येक चित्राच्या वर '॥ श्री गणेश प्रसन्न ॥'. मी म्हटलं, हे वरचं काढा. तो घाबरला. "सर, आपल्या दुकानातून त्याच्याशिवाय आजपर्यंत कागद भाईर गेलेला न्हाई. तुमच्या प्रयोगाला काही झालं तर?" मी समजूत घातली. त्यानं गणपती काढला आणि खाली बारीक अक्षरात दुकानाचा मोबाइल नंबर टाकला.

इतकं झाल्यावर प्रयोगशाळा म्हणजे आमच्या घराची पुढची खोली. पंखा बंद, टीव्ही बंद, खिडकीला चादर. चार बटणांवर चार रंगांच्या टिकल्या चिकटवल्या. त्या बायकोनं दिल्या. यानं एक झालं. शेजारच्या काकू बटण दाबायचं सोडून विचारायला लागल्या, "ही निळी कुठं मिळाली गं? परभणीला का?" तोवर पडद्यावरचा 'पिवळा' ताटकळत उभा.

खरी अडचण संमतिपत्राची. नियमानुसार प्रत्येकाची सही लागते. आमच्या भागात कोऱ्या मनानं सही करणारा माणूस राहिलेला नाही. एका काकांनी पत्र उलटंपालटं करून पाहिलं, चष्मा बदलून पुन्हा पाहिलं.

"सातबारा तर न्हाई ना लागत?"

"नाही काका. तुम्ही मधेच उठून गेलात तरी चालतं असं त्यात लिहिलंय."

"मंग आत्ताच जातो."

बायका आल्या त्या वेगळ्याच समजुतीनं. लाडकी बहीण योजनेची केवायसी सरांच्या घरी चालू आहे, अशी बातमी वेशीपर्यंत पोचली होती. ओसरीत रांग लागली. आधार कार्डं हातात. जगातल्या कोणत्याही मानसशास्त्रज्ञाला इतके सहभागी एका सकाळी मिळाले नसतील. खरं काय ते सांगितल्यावर रांग जितक्या वेगानं मोडली तो वेग मोजायला मात्र माझ्याकडचं एकही सॉफ्टवेअर पुरं पडलं नसतं.

आबा घरचेच, म्हणून बसले. सूचना वाचली: शक्य तितक्या लवकर आणि अचूक बटण दाबा.

"काहून? मागं कोण लागलंय?"

"प्रयोगच तसा आहे, आबा."

पडद्यावर आधी मधोमध बारीक अधिकचं चिन्ह येतं, नजर खिळवायला. आबा त्याच्याकडं आदरानं बघत राहिले. मग शब्द आला. 'हिरवा', लाल रंगात. आबांनी बोट उचललं, आणि तेवढ्यात तुरीच्या भावाचा फोन आला. भावावर चर्चा झाली. मोंढ्यात आज काय निघालं, काल काय होतं, नाफेडचं काय म्हणतात. फोन ठेवून आबांनी शांतपणे लाल टिकली दाबली. उत्तर बरोबर होतं. सॉफ्टवेअरनं वेळ नोंदवली: ४१,३२७.४८२ मिलिसेकंद. दशांशानंतरचे तीन आकडेसुद्धा बिनचूक. मी महिनोन्‌महिने रकाने भरून जी अचूकता शोधली होती, ती ही.

नंतर गावातले तीन तरुण कार्यकर्ते आले. तिघे तीन झेंड्यांचे, पण चहाला एकत्र. त्यांनी प्रयोग मन लावून केला. उठताना एक जण म्हणाला, "सर, एक विचारू का? निळा इतक्या उशिरा का आला?"

"ते रँडम आहे. कोणता आधी यायचा ते सॉफ्टवेअर ठरवतं."

"अन् सॉफ्टवेअर कोण ठरवतं?"

दुसरा म्हणाला, "हिरवा लई वेळा आला, मी मोजलंय." तिसरा आतापर्यंत गप्प होता. त्यानं खिडकीची चादर सरळ केली आणि अगदी हळू विचारलं, "भगवा ठेवलाच न्हाई का?"

मी त्यांना रँडमचा अर्थ समजावून सांगितला. मतदान यंत्राबद्दल बोलताना लोकांच्या चेहऱ्यावर जसा भाव असतो तसा भाव ठेवून तिघांनी तो ऐकून घेतला.

सर्वांत उत्तम निकाल लागला तो गल्लीतल्या एका आजींचा. ठक ठक ठक बटणं दाबत गेल्या. चूक नाही, अडखळणं नाही. एम.ए.च्या माझ्या पोरांना त्यांनी मागं टाकलं. मी भारावून विचारलं, "आजी, हे कसं जमलं?" आजी म्हणाल्या, "त्यात काय? लाल ते लाल, निळं ते निळं. तिथं काय लिवलंय ते मला कुठं वाचता येतंय?" बरोबरच होतं. जो वाचतो तोच अडखळतो. ज्याला अक्षर ओळखीचं नाही त्याच्यापुढं फक्त रंग. सरांना कळवलं तर सर म्हणाले, "त्यांचा डेटा वगळा. निकषात बसत नाही." पहिला नंबर आलेल्या विद्यार्थ्याला अपात्र ठरवायची आमची परंपरा अशी अबाधित राहिली.

सरच म्हणाले, "लोक घरी येत नसतील तर ऑनलाइन करा."

पुन्हा तक्ता. ऑनलाइनमध्ये गोरिला नावाचं एक सॉफ्टवेअर आहे, पाव्हलोव्हिया नावाचा एक अड्डा आहे जिथं सायकोपायचे प्रयोग चढवता येतात; दोन्हीकडं दर सहभागी माणसामागं पैसे मोजायचे मार्ग आहेत. सायटूलकिट फुकट. जेएस-सायकही फुकट, पण ठेवायला सर्व्हर आपला लागतो. दर माणसामागं पैसे ऐकून मी आधी दचकलो. मग घरच्या प्रयोगाचा हिशेब मांडला: दर माणसामागं एक चहा, सकाळी आला तर पोहे, काकू असतील तर टिकल्यांचं पाकीट. परदेशी सॉफ्टवेअर स्वस्त निघालं.

लिंक तयार झाली. विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर टाकली, त्यांनी नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकली, नातेवाइकांनी 'सुप्रभात'च्या फुलांखाली टाकली. संध्याकाळपासून फोन.

"सर, लिंक उघडंना."

"सर, उघडली पण बटणं कुठं हैत? मोबाइलला टिकल्या न्हाईत."

"सर, एका मोबाइलवर घरातल्या सगळ्यांनी दिली तर चालंल का? आई, बाबा अन् मावशी झाल्यात. मामा लायनीत हैत."

एका पोरानं मित्रांसाठी उत्तरपत्रिका तयार केली: लाल, लाल, निळा, हिरवा, पिवळा, लाल. शब्द प्रत्येकाला वेगळ्या क्रमानं येतात म्हटल्यावर तो म्हणाला, "म्हणजे ए, बी, सी, डी सेट काढलेत का सर? आधी सांगायचं ना." दुसऱ्या एकाचा प्रतिसाद बघून मी खुर्चीत उठून बसलो. प्रत्येक उत्तर एकशे ऐंशी मिलिसेकंदांच्या आत. मनुष्यजातीला इतकं चपळ होणं परवडत नाही. त्याला फोन केला. त्यानं सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच बटण दाबलं होतं. "तुम्हीच म्हणाला होता ना सर, शक्य तितक्या लवकर?"

"आणि अचूक?"

"ते पुढं लिवलं होतं. तिथपर्यंत वाचलंच न्हाई."

१९९९ साली सायमन्स आणि चॅब्रिस यांनी चेंडूचे पास मोजायला लावलेल्या लोकांसमोर चित्रफितीत गोरिलाच्या वेशातला माणूस चालवत नेला होता आणि निम्म्या लोकांना तो दिसलाच नव्हता, त्याची आठवण झाली. आमच्याकडं अख्खी सूचना समोर उभी असते.

पण सगळ्या फोनमध्ये एक प्रश्न समान होता. तो आधी एका मुलीनं विचारला, मग तिच्या आत्यानं, मग दूरच्या एका गावाहून एका निवृत्त गुरुजींनी.

"सर, सर्टिफिकेट कधी येणार?"

२०२०च्या टाळेबंदीत महाराष्ट्रातल्या कॉलेजांनी ऑनलाइन प्रश्नमंजूषांचा जो सपाटा लावला होता, त्यात दहा सोप्या प्रश्नांना बरोबर उत्तरं दिली की ई-मेलवर रंगीत प्रमाणपत्र यायचं. जलदिन, ग्रंथदिन, क्षयरोगदिन, कशाचंही. लोकांनी ती लॅमिनेट करून भिंतीला लावली. तेव्हापासून लिंक म्हटली की शेवटी प्रमाणपत्र असतं, ही लोकांची पक्की धारणा. गुरुजी तर म्हणाले, "माझ्याकडं बेचाळीस हैत. तुमचं आलं म्हणजे त्रेचाळीस."

"गुरुजी, हा प्रयोग आहे. यात पास-नापास काही नाही."

"मग सहभागाचं द्या."

मी तक्ता उघडला. किंमत, अचूकता, देवनागरी, ऑनलाइन, शिकायचे दिवस. खाली एक नवा रकाना जोडला: प्रमाणपत्र निघतं का? मग पुन्हा एकेक सॉफ्टवेअर तपासायला घेतलं. कोणाच्याच माहितीपत्रकात ही सोय ठळक लिहिलेली नव्हती. मिलिसेकंदांवर त्यांनी पानंच्या पानं लिहिली होती. शेवटी एकात शेवटच्या पडद्यावर आपल्याला हवं ते पान दाखवता येतं असं दिसलं. डीटीपीवाल्याला सांगून महिरपीचं प्रमाणपत्र करवून घेतलं. या वेळी गणपती ठेवायला मीच सांगितला. गुरुजींच्या नावानं एक नमुना काढून पाहिला; वेलांट्या जागच्या जागी.

रात्री सरांचा फोन आला. "काय मग, ठरलं का सॉफ्टवेअर?"

"ठरलं सर. यातून प्रमाणपत्र निघतं."

पलीकडं थोडा वेळ शांतता. मला वाटलं आता मिलिसेकंदांवर व्याख्यान होणार.

"खाली सह्या कुणाकुणाच्या येतात?" सरांनी विचारलं.

"एक माझी, सर."

"मार्गदर्शकाची उजवीकडं घ्या. आणि फोटो बसत असेल तर पाठवून देतो."